५१,०८२ रुपयांचा उमेदवार : डहाणू, २०१९

२४ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचे निकाल लागले आणि दोन दिवसांत डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे (माकप) निवडून आलेल्या विनोद निकोले यांची एकच ओळख सगळीकडे पोचली : वडापाव विकणारा आमदार झाला. जोडीला एक आकडा होता. निवडून आलेल्या आमदारांच्या शपथपत्रांची छाननी झाली, तेव्हा सर्वांत कमी मालमत्ता निकोले यांची निघाली, ५१,०८२ रुपये. यादीच्या दुसऱ्या टोकाला घाटकोपर पूर्वचे पराग शाह होते, मालमत्ता ५०० कोटींच्या वर. छाननी झालेल्या २८५ आमदारांपैकी २६४ करोडपती होते आणि सरासरी मालमत्ता २२ कोटींच्या पुढे होती.

बातमी खरी होती. कॉलेज अर्धवट सोडून निकोले यांनी डहाणूत चहा-वडापावचा धंदा केला होता, हेही खरं. पण या बातमीमुळे अनेकांचा असा समज झाला की एक कष्टाळू माणूस गाडीवरून उठला, उभा राहिला आणि लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाकडे बघून मतं टाकली. डहाणूत घडलं ते याहून बरंच जुनं आणि गुंतागुंतीचं होतं. पुढे कुठल्या कष्टकरी माणसाला विधानसभेला उभं करायचा विचार कोणी करत असेल, तर त्याला वडापावच्या गाडीचा उपयोग नाही. बाकीचं समजून घेतलं तर थोडा होईल.

('कष्टकरी' हा शब्द डहाणूत जरा जपून वापरावा लागतो. त्याच नावाची संघटना १९७८ पासून तिथे आदिवासींमध्ये काम करते, आणि तिचं आणि लाल बावट्याचं, म्हणजे कम्युनिस्टांचं, कधी फारसं जमलं नाही. इथे तो शब्द साध्या अर्थाने घ्यावा.)

आधी अर्जापासून सुरुवात करू. विधानसभेच्या उमेदवाराला १०,००० रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. डहाणू, मतदारसंघ क्रमांक १२८, अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. म्हणजे अनामतच निकोले यांच्या जाहीर मालमत्तेच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतकी झाली. सोबत नमुना २६ मधलं शपथपत्र. त्यात रकाने असतात : स्वतः, पत्नी किंवा पती, अवलंबित एक, दोन, तीन. खाली रोकड, बँकेतली शिल्लक, रोखे, विमा, वाहन, दागिने, शेतजमीन, बिगरशेती जमीन, व्यापारी इमारत, निवासी इमारत. कुठलाही रकाना कोरा सोडून चालत नाही, नाहीतर अर्ज बाद होऊ शकतो. करोडपती उमेदवाराचा वकील इथे जोडपत्रांवर जोडपत्रं लावत बसतो. गरीब उमेदवाराचा कार्यकर्ता एकच शब्द लिहीत जातो : निरंक, निरंक, निरंक.

खर्चाचं रजिस्टर हा पुढचा भाग. एका निवडणुकीत एका लहान उमेदवाराचं हे रजिस्टर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे त्याची थोडी ओळख आहे. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, रोजचा खर्च लिहायचा, ठरल्या तारखांना निरीक्षकांना दाखवायचा. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं. खुर्चीचं भाडं, मांडव, भोंगा, जीप, टोपी, उपरणं, चहा, पोहे, थाळी आणि हो, वडापावसुद्धा. तुमच्या माणसाने वडापाव घरून करून आणला तरी सभेत वाटला की दरपत्रकाने त्याची किंमत लागते. निकोले यांच्या वाट्याला आलेलं दरपत्रक मी पाहिलेलं नाही, पण आयुष्यात स्वतः वडापावचा दर ठरवलेला उमेदवार राज्यात त्या वर्षी बहुधा तेवढा एकच असावा.

२०१९ मध्ये विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख होती, २०२२ मध्ये ती ४० लाख झाली. ५१ हजारांच्या माणसाला २८ लाखांची मर्यादा म्हणजे आभाळच. आणि खरी गंमत मर्यादेच्या बाहेर आहे. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, पक्षाच्या खर्चाला तर कायद्यात मर्यादाच नाही. लक्ष्मीदर्शनाचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

साधं गणित करून बघा. एका मतदारसंघात ३०० मतदान केंद्रं धरू. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर तीन माणसं : एक आत प्रतिनिधी म्हणून, दोन बाहेर टेबलावर चिठ्ठ्या द्यायला आणि घरोघरून मतदार काढायला. माणशी ५०० रुपये रोज आणि जेवणखाण मिळून धरले तरी एका दिवसाचे साडेचार लाख झाले. यात गाडी नाही, पत्रक नाही, आधीचे पंधरा दिवस नाहीत. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला ही ९०० माणसं फुकट मिळाली पाहिजेत. नुसती फुकट मिळून भागत नाही. संध्याकाळी शेवटचं मत पडून यंत्र सीलबंद होईपर्यंत जागेवरून न हलणारी, दुपारी समोरच्या टेबलावरून बिर्याणीचा वास आला तरी न हलणारी हवीत.

डहाणू-तलासरीत ती होती, आणि ती २०१९ मध्ये तयार झालेली नव्हती.

हा मुलूख दोन पट्ट्यांचा आहे. रेल्वेच्या पश्चिमेला बंदरपट्टी : चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची गावं, बाजार, इराणी-पारशी बागायतदारांची जुनी घरं. पूर्वेला जंगलपट्टी : वारल्यांचे पाडे, डोंगरउतारावरचं भात आणि नाचणी. सावकार-जमीनदारांनी जमिनी घेतल्या आणि मूळ मालक त्यांच्याच शेतावर वेठीला राबू लागले. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं सावकाराच्या घरी बांधील. त्याला नावच होतं, लग्नगडी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला कम्युनिस्टांच्या किसान सभेची परिषद झाली, तिथे काही वारली गेले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले.

१९४५ चा हा इतिहास निवडणुकीत कसा उपयोगी पडतो, असं वाटेल. भाषणात तो फार उपयोगी पडत नाही, तरुण पोरांना तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. त्याने मागे जे ठेवलं ते उपयोगी पडतं. तलासरीत परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे, तिथे शिकलेले शिक्षक, ग्रामसेवक, वकील गावोगाव आहेत. पंचायत समितीत लाल बावटा दशकानुदशकं आहे. १९७७ मध्ये लहानू कोम डहाणूतून खासदार झाले होते. किसान सभेची पावती दरवर्षी फाडली जाते. पाड्यावर कोणाचं रेशन अडलं, कोणाचा वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा, दावा फेटाळला, कोणाला पोलिसांनी नेलं, तर पहिला फोन कोणाला करायचा हे लोकांना ठाऊक असतं. निवडणुकीच्या पंधरा दिवसांत पैसेवाला उमेदवार जे विकत घेऊ बघतो, ते इथे वर्षभर चालू असतं.

निकोले या यंत्रणेत आले ते एल. बी. धनगर या जुन्या कार्यकर्त्यामुळे. गाडीवर चहा प्यायला येणाऱ्या माणसांमध्ये राजकारण बोलणारे असतातच, त्यातूनच ही ओळख वाढली. २००५ च्या सुमारास ते पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि तुटपुंज्या मानधनावर सिटूचं, म्हणजे कामगार संघटनेचं, काम करू लागले. हा तपशील मला गाडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. विधानसभेला उभं राहिले तेव्हा ते गेली चौदा वर्षं वडापाव विकत नव्हते. त्यांचा पूर्णवेळचा धंदा संघटना हाच होता. त्या शपथपत्रातली गरिबीही अर्धी आईबापांकडून आलेली आणि अर्धी या धंद्याची आहे.

आता मतांकडे येऊ, कारण संघटना संघटना म्हणून गोडवे गायले की अर्धवट चित्र उभं राहतं. २००९ मध्ये माकपचे राजाराम ओझरे डहाणूतून निवडून आले होते. २०१४ मध्ये भाजपचे पास्कल धनारे यांनी माकपला सुमारे १६,७०० मतांनी हरवलं. तेव्हा माकपला २८ हजारांच्या आसपास मतं होती, धनारेंना ४५ हजारांच्या आसपास. म्हणजे पाडे तेच, कॉलेज तेच, झरीचा इतिहासही तोच, आणि तरीही पराभव. ज्याला नुसत्या संघटनेच्या जोरावर जिंकू असं वाटतं त्याने ही २८ हजारांची संख्या आधी बघावी. लाल बावट्याची स्वतःची ताकद साधारण तेवढी होती.

२०१९ मध्ये निकोले यांना ७२,११४ मतं मिळाली, धनारेंना ६७,४०७. फरक ४,७०७. धनारेंची मतं पाच वर्षांत बावीस हजारांच्या वर वाढली होती, कारण २०१४ मध्ये तुटलेली युती २०१९ मध्ये पुन्हा जुळली होती. माकपची वाढली चव्वेचाळीस हजारांच्या घरात. एवढे नवे कम्युनिस्ट पाच वर्षांत कुठेच तयार होत नाहीत. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने डहाणूची जागा माकपला सोडली होती, आणि २०१४ ला वेगवेगळ्या डब्यांत गेलेली भाजपविरोधी मतं एका चिन्हावर आली. २८ हजारांचा पाया नसता तर आघाडीने ही जागा सोडलीच नसती. आघाडी नसती तर नुसत्या पायाचं काय होतं, ते २०१४ ला दिसलं होतं.

वातावरणही होतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालत आलेल्या किसान मोर्च्यात वनपट्टे हीच मुख्य मागणी होती आणि जंगलपट्टीत तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा चार एकरांचा आणि हातात सनद काही गुंठ्यांची, ही तक्रार इथे प्रत्येक पाड्यावर ऐकू येते. बुलेट ट्रेनची मोजणी चालू होती. वाढवण बंदराचं नाव पुन्हा निघालं होतं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी भागाला भूकंपाचे धक्के बसत होते आणि भर थंडीत माणसं घराबाहेर झोपत होती. सत्ताधारी आमदाराला या सगळ्याची उत्तरं द्यावी लागली असणार.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे मुंबईत बसून कोणाचं लक्ष जात नाही : तारीख. मतदान २१ ऑक्टोबरला झालं, दिवाळी त्यानंतर आली. जंगलपट्टीतली माणसं दिवाळी करून, भात झोडून मग वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर वसई-भिवंडीकडे किंवा गुजरातेत जातात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हळवा भात कापणीला आलेला असतो, म्हणजे पाडा भरलेला असतो. हेच मतदान महिन्याभराने असतं तर मतदारयादीतली किती माणसं घरी सापडली असती? गरिबांचा उमेदवार उभा करणाऱ्याने भट्टीचा हंगाम कधी सुरू होतो हे आचारसंहितेइतकंच नीट माहीत करून घ्यायला हवं. भट्टीवरून एक कुटुंब मतदानाला आणायचं तर जायचं-यायचं भाडं आणि बुडालेला रोज, दोन्ही आलं. आणि मतदाराला उमेदवाराच्या खर्चाने गाडीतून आणणं हा कायद्याने भ्रष्ट मार्ग आहे. पैसेवाला तो धोका पत्करतो. बिनपैशाच्या उमेदवाराला तो पत्करायचीही सोय नसते.

राखीव जागेचाही वाटा आहे. समोरचा उमेदवारही आदिवासीच असणार हे ठरलेलं असल्यामुळे बिल्डर किंवा साखरसम्राट इथे स्वतः उभा राहू शकत नाही. तो पैसा पुरवू शकतो, पण नाव दुसऱ्याचं द्यावं लागतं. खुल्या मतदारसंघात कष्टकरी उमेदवाराला ही एवढीशी आडही मिळत नाही.

सोलापूर बघा. माकपचेच नरसय्या आडम, सगळ्यांचे आडम मास्तर, १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये आमदार झाले. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीला गोदूताई (गोदावरी) परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना, तिची पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. असंघटित कामगारांसाठी एवढं ठोस काम केलेला दुसरा आमदार दाखवा. तरी २००९ पासून ते सोलापूर शहर मध्य मतदारसंघात हरत आले. २००९, २०१४, २०१९ असं तीनदा प्रणिती शिंदे जिंकल्या. २०२४ मध्ये महाविकास आघाडीतच असून काँग्रेसने तिथे आपला उमेदवार दिला आणि जागा भाजपकडे गेली. घर मिळालेल्या बाईने मास्तरांना मत का दिलं नसेल, यावर कृतघ्नपणाची भाषा करणारे भेटतात. मला ती पटत नाही. शहरात जात, धर्म, भाषा, वस्ती, गेल्या वेळी कोण आलं आणि या वेळी कोणाला पाडायचं, अशा दहा हिशेबांत घर हा एक हिशेब असतो. शिवाय कुंभारी शहराबाहेर आहे. माणूस तिकडे राहायला गेला की त्याचं नाव यथावकाश मतदारयादीतूनही तिकडे जातं. मास्तरांनी आपले मतदार आपल्याच हाताने मतदारसंघाबाहेर नेऊन वसवले, असं गमतीने म्हणता येईल. गमतीचा भाग सोडला तरी थोडं खरं उरतं.

डहाणूत तसं झालं नाही, कारण पाडा जागचा हलत नाही. माणूस भट्टीवर गेला तरी नाव यादीत तिथेच राहतं.

निवडून आल्यावर काय झालं, तेही पाहायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ चा तो महिना कोण विसरेल? आमदार हॉटेलांमध्ये, पहाटेचा शपथविधी, रोज नवा आकडा. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. बाजूने १६९ मतं पडली, भाजपने सभात्याग केला, चार आमदार तटस्थ राहिले : एमआयएमचे दोन, मनसेचा एक आणि माकपचे निकोले. आघाडीच्या मतांवर आलेला एकटा आमदार, सगळ्यांत गरीब, पहिल्याच परीक्षेत ना इकडे ना तिकडे. आघाडीच्या लोकांनी नाकं मुरडली. शिवसेनेसोबत बसायचं की नाही याचा निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हता, पक्षाचा होता. माकपमध्ये आमदाराचं मानधनही पक्षाकडे जमा होतं आणि पक्ष ठरवील तेवढं त्याला घरखर्चाला मिळतं. मतदाराच्या बाजूने पाहिलं तर याला दोन्ही बाजू आहेत. असा आमदार विकत घेणं अवघड, कारण त्याच्या मतावर त्याचा एकट्याचा ताबाच नाही. आणि त्याच कारणाने, रात्रीतून काही मिळवून आणायचं असेल तर तो तुमच्या फारसा उपयोगाचाही नाही.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला आणि वासिंदला थांबला. सरकारने मागण्या मान्य केल्या, आणि वनपट्ट्यांच्या प्रश्नासाठी नेमायच्या समितीत जिवा पांडू गावित यांच्याबरोबर निकोले यांचंही नाव आलं. माकपचे, सात वेळा आमदार झालेले गावित २०१९ ला कळवणमध्ये पडले होते, त्यामुळे विधानसभेत बोलायला एकटे निकोलेच होते.

२०२४ ची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. दिवाळी होऊन गेलेली, पाडे रिकामे व्हायला लागलेले. भाजपने विनोद मेढा यांना उभं केलं. मतदानाच्या तोंडावर बहुजन विकास आघाडीचे उमेदवार सुरेश पाडवी यांनी ऐनवेळी भाजपला पाठिंबा दिला. यंत्रावरून नाव काढायची वेळ केव्हाच टळून गेली होती. २०१९ चं गणित मांडणाऱ्या कुणीही निकोले या वेळी जातील असंच म्हटलं असतं, आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होतो. कळवणमध्ये गावित पुन्हा पडले. सोलापूर गेलंच. राज्यभर आघाडीची धूळधाण झाली.

डहाणूत निकोले यांना १,०४,७०२ मतं पडली, मेढा यांना ९९,५६९. फरक ५,१३३, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा ४२६ जास्त.